महिलांची ८०० मीटर शर्यत, १९२८
* ‘ॲमस्टरडॅमचा तो तमाशा’ : लेखकाचा रोख २ ऑगस्ट १९२८ रोजी ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये झालेल्या महिलांच्या ८०० मीटर अंतिम शर्यतीकडे आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मैदानी शर्यतींत प्रवेश मिळाला तो याच वर्षी. धावपटू शर्यत संपताच धडाधड कोसळल्या, हे लेखकाचे वर्णन तत्कालीन वृत्तपत्रांवर बेतलेले असून ते विश्वसनीय नाही. एका अमेरिकी वार्ताहराने तर अकरा जणी धावल्या आणि पाच जणींनी शर्यत अर्ध्यातच सोडली, असे लिहिले. प्रत्यक्षात नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. दुसऱ्या आलेल्या किनुए हितोमी या ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या पहिल्या जपानी महिला. शर्यतीनंतर दमून जमिनीवर टेकणे पुरुष धावपटूंच्या बाबतीत जिद्दीचे लक्षण मानले जाई. येथे मात्र तोच स्त्रीदेहाच्या दुबळेपणाचा पुरावा ठरला. पुढे ही शर्यत वगळली गेली, ती थेट १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये परतली. मधल्या काळात ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी २०० मीटरपेक्षा लांब अशी धावण्याची वैयक्तिक शर्यतच नव्हती. त्यामुळे १९५२ मध्ये हेलसिंकीला गेलेल्या मुंबईच्या मेरी डिसूझा यांच्यापुढेही अडथळ्यांविना वैयक्तिक शर्यतींत १०० आणि २०० मीटर एवढेच पर्याय होते. प्रस्तुत पुस्तकातील ‘निसर्गनियम’ हा शब्द या पार्श्वभूमीवर वाचावा. — संपा.