दोन डोळे, बारा हात आणि आटपाडीचा माळ

मागच्या भागात आपण शेळ्यांच्या विम्याचं बोललो. आज सिनेमाचं बोलायचं आहे. तोही जुना, काळापांढरा आणि तुरुंगातल्या खुन्यांचा. बचत गटाच्या कार्यक्रमात हे कुठून आलं, असं वाटेल तुम्हाला. सांगतो.

आमच्या एका गटाकडे या उन्हाळ्यात एक अर्ज आला. अर्ज करणारी गावचीच लेक. सासरी घडलेल्या एका प्रकरणात तिला शिक्षा झाली होती, ती पुरी भोगून ती माहेरी आली. कोंबड्या पाळायच्या आहेत, गटात घ्या, एवढंच तिचं म्हणणं. तिचं नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. बैठकीत सरळ दोन तट पडले. गटाचा पैसा म्हणजे एकमेकींच्या शब्दावर दिलेला पैसा. एकीनं बुडवला तर बाकीच्या दहाजणींना भरावा लागतो. त्यामुळे नको म्हणणाऱ्या बाया काही दुष्ट नव्हत्या. आम्ही पडलो समन्वयाचं काम करणाऱ्या, आम्हाला मत नसतं. पण एक केलं. पुढच्या बैठकीला शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला आणि समाजमंदिराच्या भिंतीवर ‘दो आँखें बारह हाथ’ लावला. अर्धा तास झाला नसेल, तोच मागून एक आजी म्हणाल्या, “आमचं मन वळवायला लावलाय व्हय गं ह्यो?” आम्ही गप्प बसलो. खरंच होतं ते.

सिनेमा १९५७ सालचा. काढला व्ही. शांतारामबापूंनी, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या माणसानं. दोनच वर्षं आधी त्यांनी ‘झनक झनक पायल बाजे’ हा झगमगीत रंगीत सिनेमा काढला होता आणि तो धो धो चालला होता. लोकांना वाटलं, आता पुढचाही रंगीतच असणार. पण बापू पुन्हा काळ्यापांढऱ्याकडे वळले. उघडा माळ, दगड, खुन्यांचे राकट चेहरे आणि जेलरचे डोळे. यात रंग घालून काय करायचं होतं? आम्हाला तर वाटतं, रंग असता तर ते डोळे इतके टोचले नसते.

गोष्ट अशी. आदिनाथ नावाचा एक तरुण जेलर वरिष्ठांकडून परवानगी घेऊन सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर एका पडीक शेतावर नेतो. तिथे भिंत नाही, बेडी नाही. जमीन नांगरायची, पिकवायचं आणि खायचं. ते पळायला बघतात, पण त्याच्या नजरेची आठवण त्यांना परत ओढून आणते. जेलरचे दोन डोळे आणि सहाजणांचे बारा हात, नाव त्यावरूनच. माळावरून खेळणी विकत फिरणारी चंपा आहे, ती संध्यानं केली. आदिनाथ स्वतः शांतारामबापू. यातली लता मंगेशकरांनी गायलेली प्रार्थना तुमच्यापैकी कितीजणींनी शाळेच्या परिपाठात म्हटली असेल. ती या सिनेमातली आहे आणि तिला चाल वसंत देसाईंनी लावली, हे आमच्या निम्म्या बायांना ठाऊकच नव्हतं.

पण आमच्या बाया खऱ्या सावरून बसल्या त्या बाजाराच्या प्रसंगाला. कैदी आपली भाजी बाजारात रास्त भावानं विकतात, गिऱ्हाइकांची झुंबड उडते, आणि तिथले व्यापारी चवताळतात. मग मारहाण, मग दारू पाजून नादी लावणं, आणि शेवटी पिकावर बैल सोडणं. कैद्यांनी हात न उचलण्याचा शब्द दिलेला असतो, म्हणून ते मार खातात. आमच्या गटानं दोन वर्षांमागं आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या थेट विकायला बसायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या दिवशी काय झालं होतं ते सगळ्यांना आठवलं. आमची टोपली कुणी लवंडली ते इथे सांगण्यात अर्थ नाही. पण भिंतीवरच्या त्या बाजाराकडे बघताना एकजण पुटपुटली, “अस्संच.”

बैलाच्या झुंजीत आदिनाथ जातो. ते दृश्य घेताना शांतारामबापूंच्या डोळ्याला खरोखरच जबर इजा झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना पडून राहावं लागलं. ज्या सिनेमाच्या नावातच दोन डोळे, त्यानं करणाऱ्याचे डोळेच पणाला लावले. पुढे सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ साली जर्मनीत बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं, अमेरिकेतही बक्षीस झालं.

दिवे लागल्यावर पहिला प्रश्न आला, “हे खरं घडलंय का?”

घडलंय, आणि फार लांब नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता. संस्थान चिमुकलं आणि तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा घरोघर प्रचार करणारे. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्यांच्याच हद्दीत उभा राहिला, आणि १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं ते त्याच किर्लोस्करवाडीतून. आपल्यासारख्या बायांसाठी निघणाऱ्या मासिकांची ती थोरली बहीणच. १९३९ च्या जानेवारीत या राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना करून कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. इंग्रजांच्या अमलातल्या हिंदुस्थानात राजा आपणहून सत्ता सोडतो, हे नवलच होतं.

त्या खटपटीत राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या जोडीला एक परदेशी माणूस होता. मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधल्या वॉर्सॉचा, ज्यू घरातला इंजिनिअर. बंगळूरला विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्यात नोकरीला आला आणि गांधीजींच्या नादी लागून खादी घालू लागला. लोक त्याला भारतानंद म्हणत. तुरुंगात माणूस सुधारत नाही, त्याला जमीन द्या, काम द्या, घर द्या, हा विचार त्यानं राजापुढे मांडला आणि राजानं मानला. १९३९ मध्येच आटपाडीच्या माळावर कैद्यांची बिनभिंतीची वसाहत सुरू झाली. (हाच माणूस म्हातारपणी मुंबईत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांपुढे बसला आणि त्यांची मराठी बोलणी इंग्रजीत नेऊन त्यानं जगभर पोचवली. पण ती वेगळी गोष्ट.) १९४८ साली औंध मुंबई राज्यात विलीन झालं. वसाहत मात्र राहिली. आजही ती राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

सिनेमाची कथा लिहिली गदिमांनी. माडगूळकर जन्मले शेटफळ्याला, वाढले माडगुळ्याला आणि शाळा शिकले औंधाला. म्हणजे आटपाडीचा तो माळ त्यांच्या पायाखालचा होता. माडगुळ्याची कुसळं आणि दुष्काळ पाहिलेल्या माणसालाच कळतं, तिथल्या जमिनीतून भाजी काढणं म्हणजे काय.

आता इथे आमची एक तक्रार आहे, आणि ती शांतारामबापूंबद्दलचा आदर ठेवून करतो. सिनेमात सहा पुरुष, एक जेलर, एक खेळणीवाली. कैद्यांच्या संसाराला तिथे जागा नाही. खऱ्या स्वतंत्रपुरात कैद्याला बायकोमुलांसह राहता येतं. त्या वसाहतीचा सगळा जीव त्यातच आहे. पळून जायला भिंत आडवी नाही, पण पोरगं अंगणात खेळतंय आणि चुलीवर भाकरी आहे. त्याला धरून ठेवलं ते जेलरच्या डोळ्यांनी की त्या चुलीनं? आणि ज्या बाईनं काहीही गुन्हा न करता कैद्यांच्या वसाहतीत येऊन संसार मांडला, तिचं काय? तिनं माहेरी पत्ता काय सांगितला असेल? सिनेमात तिचं नाव नाही. एका साधूसारख्या जेलरची गोष्ट पडद्यावर शोभून दिसते, हे आम्हालाही कळतं. तरी बारा हातांचा हिशेब आम्हाला अपुराच वाटतो.

तुरुंगाचे काळेपांढरे सिनेमे परदेशातही गाजले. १९३२ साली अमेरिकेत एक निघाला, रॉबर्ट बर्न्स नावाच्या माणसाच्या आत्मकथेवरून. महायुद्धातून परतलेला, बेकार झालेला हा शिपाई एका दरोड्यात सापडला. त्यात लुटले होते ५ डॉलर ८० सेंट. शिक्षा लागली पायात साखळदंड घालून रस्त्यावर राबायची, जॉर्जिया राज्यात. तो दोनदा पळाला. पुस्तकाच्या नावात जॉर्जियाचं नाव होतं, सिनेमाच्या नावातून ते गाळलं गेलं. तरी लोकांत इतका संताप उसळला की त्या साखळदंडांविरुद्ध देशभर ओरड झाली. बर्न्सची शिक्षा माफ व्हायला मात्र १९४५ साल उजाडलं.

पण आमच्यापुढचा प्रश्न बाईचा होता. म्हणून पुढच्या महिन्यात ‘बंदिनी’ लावला. बिमल रॉय यांचा, १९६३ चा, हाही काळापांढरा. मूळ कथा ‘जरासंध’ या नावानं लिहिणाऱ्या एका बंगाली लेखकाची, आणि हा लेखक स्वतः तुरुंगाचा अधिकारी होता. आत काय चालतं ते त्यानं रोज पाहिलेलं. नूतनची कल्याणी खून करून आलेली आहे. तिनं केला नाही, तिला फसवलं, असली सोयीची पळवाट सिनेमा घेत नाही. तिनं विष दिलंय. बाहेर लोखंडावर घण पडतायत आणि आत तिचा चेहरा बदलत जातो, तो प्रसंग बघताना समाजमंदिरात कुणी हलत नव्हतं. तीच कल्याणी तुरुंगात क्षयाच्या रोग्याची सेवा आपणहून अंगावर घेते. एक कैदी बाई दळता दळता माहेरचं गाणं म्हणते, भावाला न्यायला पाठवा असं बापाला विनवते. भाषा हिंदी, पण जात्यावर बसून माहेर आठवायचं हे आपल्या आयाआज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मघाच्याच आजींनी पदर डोळ्याला लावला.

त्या दिवशी अर्ज करणारी बाईही आली होती. दाराशी बसली होती. सिनेमा संपल्यावर कुणीतरी भीतभीत विचारलं, आत असंच असतं का गं? ती म्हणाली, “गाणी नसतात. मोजणी असते. सकाळ-संध्याकाळ मोजतात.” आणखी काही बोलली नाही. कुणी विचारलंही नाही.

मत घेतलं. सातजणी हो, तिघी नको. पहिले सहा महिने तिला कर्ज नाही, फक्त बचत, असं ठरलं. आम्हाला हे थोडं कठोर वाटलं, पण नवीन येणाऱ्या प्रत्येकीला आमचा तोच नियम आहे आणि तिच्यासाठी वेगळा केला नाही, यातच तिला बरं वाटलं असावं. नको म्हणणाऱ्या तिघींपैकी एकजण पुढच्या बैठकीला आली नाही. तिच्या घरी आम्ही दोनदा जाऊन आलो, अजून जाणार आहोत. नव्या बाईनं शंभर रुपये भरले, सचिवबाईंनी पासबुकावर तिचं नाव घातलं. वडिलांचं लावू की नवऱ्याचं, असं विचारल्यावर ती जरा थांबली आणि आईचं लावा म्हणाली.