डाव वाचणारी माणसं

माझ्या लहानपणी सोलापुरात बुद्धिबळ दोन कायद्यांनी चाले. जुन्या मिलच्या चाळीत पाळी सुटलेले कामगार देशी खेळत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. शह बसला नसेल तोवर राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता यायची. शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं हवं ते बनायचं नाही. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, उंटाच्या घरात पोचलं तर उंट. रेल्वेतले बाबू मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनी, घड्याळ लावून खेळत. दोन्हीकडे तयारीचे खेळाडू होते, पण खेळावर चूल पेटत नव्हती.

पुढं शोगीबद्दल, म्हणजे जपानी बुद्धिबळाबद्दल वाचलं आणि चक्रावलो. ८१ घरांचा पट. मारलेली सोंगटी आपल्याच बाजूनं पुन्हा उतरवायची मुभा. पण खरी नवलाई पटाबाहेरची. १६१२ साली शोगुनाच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारनं ओहाशी सोकेई या शोगीपटूला खेळासाठी वर्षासन लावून दिलं. आजही तिथं शिकाऊ मुलं गुरूच्या शिफारशीनं संघटनेत दाखल होतात. साधारण २६व्या वर्षापर्यंत चौथी श्रेणी गाठली तर व्यावसायिक, नाहीतर बाहेर. शोजी सेगावा असाच बाहेर पडला, नोकरीला लागला, हौशी म्हणून खेळत राहिला. नामांकित खेळाडूंना त्यानं इतक्यांदा हरवलं की संघटनेला त्याच्यासाठी खास परीक्षा घ्यावी लागली. २००५ साली, वयाच्या ३५व्या वर्षी, तो व्यावसायिक झाला.

शोगुन गेल्यावर पैसा कुणी दिला? वर्तमानपत्रांनी. ‘मेइजिन’ हा किताब एकदा मिळाला की हयातभर टिके. तो स्पर्धेतून जिंकायचा असं ठरलं, तेव्हा मागं वर्तमानपत्र उभं होतं. १९३७ साली योशिओ किमुरा असा पहिला मेइजिन झाला. मोठ्या लढतींचे डाव टीकाटिप्पणीसह कादंबरीसारखे क्रमशः छापून येत. वाचक अंकाचे पैसे मोजत, त्यातून खेळाडूचं घर चाले.

आपल्याकडे आश्रय होता तो आधी दरबारचा, मग पदरमोड करणाऱ्यांचा. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभारलं, पिढ्यान्‌पिढ्या पोरं घडवली. आमच्याकडून तिथं जायचं म्हणजे कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटची छोटी गाडी धरायची. ती पंढरपूरवरून रमतगमत मिरजेला पोचे. तेवढ्या वेळात खिशातल्या पटावर दोन-तीन डाव निघत, आणि हादरा बसला की सोंगट्या बाकाखाली शोधाव्या लागत.

वर्तमानपत्राच्या घरातून खेळाडू निघाल्याचं उदाहरण मात्र आपल्याकडेही आहे. सांगलीत जन्मलेल्या नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली ‘नवाकाळ’ काढला. पुढं त्याचे संपादक झालेल्या नातवाच्या, नीळकंठ खाडिलकरांच्या, तीन मुली पटावर बसल्या. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीनं जिंकली. नंतरची कित्येक वर्षं किताब जयश्री आणि रोहिणी यांच्यातच फिरला. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की बाईला अशा स्पर्धेतून अडवता येणार नाही. रोहिणी १९८१ साली आशियाई विजेती झाली. पण खेळ थांबल्यावर जयश्री ‘नवाकाळ’कडे वळल्या, रोहिणींनी ‘संध्याकाळ’ हा पेपर सांभाळला. इतक्या मोठ्या खेळाडूंचीही उपजीविका शेवटी छापखान्याशीच जोडलेली राहिली.

बाकीच्यांना तारलं ते नोकरीनं. सांगलीच्या स्वाती घाटे आयुर्विमा महामंडळात होत्या. रेल्वे, बँका, तेल कंपन्या यांनीही खेळाडूंना हजेरीपटावर घेतलं. आमच्या पिढीतली पोरं चाली जशी पाठ करत, तशा खेळाडू कोट्याच्या जाहिरातीही.

आता नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. शिखरावर पैसा आला. मधल्या पायरीवरचा खेळाडू मात्र अजून शिकवण्या घेऊनच तगतो, मीही त्यातलाच. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालवणारे बाप विचारतात, “सर, यात पोराचं पुढं काय?” मी सांगतो, “ते बघू. आधी तुम्ही डाव वाचायला शिका. वाचणारी दहा घरं असतील, तर खेळणाऱ्या एकाचं भागतं.”