मंगलठाणातलं शेत

बोरिवलीच्या इतिहासाबद्दल विचारलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'पूर्वी इथे सगळं जंगलच होतं' आणि 'कान्हेरीची लेणी दानशूर व्यापाऱ्यांनी खोदवली.' दुसरं वाक्य चूक नाही. पण तेच कार्ल्याला लागू पडतं, जुन्नरलाही. त्यातून कान्हेरीबद्दल काहीच कळत नाही.

आता ८१ क्रमांकाच्या लेण्यातला ब्राह्मी लेख बघा. यज्ञश्री सातकर्णीचं राज्यवर्ष १६, उन्हाळ्याचा पहिला पक्ष, पाचवा दिवस. म्हणजे साधारण दुसऱ्या शतकाची अखेर. दाता कल्याणचा व्यापारी, अपरेणु. त्यानं लेणं तर दिलंच, शिवाय संघाकडे २०० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली आणि मंगलठाण गावातलं एक शेत दिलं. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, येणाऱ्या उत्पन्नातूनच खर्च करायचा. भिक्षूंच्या चीवरांची सोय त्यातून व्हायची.

हे मंगलठाण म्हणजे आजचं मागाठाणे, असं अभ्यासक मानतात. हो, मेट्रो ७ चं स्टेशन आहे तेच.

एकेक अक्षर छिन्नीनं कोरायचं, तरी इतका तपशील कशासाठी? कारण दान दात्याच्या मागे चालायचं होतं. ज्यांना तो कधी भेटणार नाही अशा माणसांनी ते चालवायचं होतं. 'भिक्षूंची काळजी घ्यावी' एवढंच लिहिलं असतं, तर कोणाला जाब विचारता आला असता? (आमच्याकडे 'सिस्टिम फास्ट हवी' अशी एका ओळीची मागणी येते, तेव्हा मला हा कल्याणकर आठवतो.) पुढे सहा-साडेसहाशे वर्षांनी, शिलाहारांच्या काळातही हीच रीत दिसते. गौड देशाहून आलेला अविघ्नाकर १०० द्रम्म ठेवतो. दुसऱ्या एका लेखात पूजा, डागडुजी, चीवरं आणि चक्क पुस्तकं यांसाठी वेगवेगळी तरतूद आहे.

मात्र एका जागी हे लेख मुद्दाम मोघम होतात. दान कोणाला? तिथे वारंवार शब्द येतो 'चातुर्दिश संघ', चारी दिशांचा संघ. अमुक भिक्षू नाही, आज हजर असलेले नाहीत. जो कोणी येईल तो. तिथे नावं घातली असती तर ती माणसं गेल्यावर दानही संपलं असतं. पैसा, शेत, तिथी नेमकी आणि घेणारा मोकळा. दानशूर या एका शब्दात यातलं काहीच मावत नाही.

आणि त्या शेतामुळे पहिलं वाक्यही डळमळतं. दान देण्याजोगं शेत होतं म्हणजे गाव होतं, कसणारे होते. त्यांची नावं लेखात नाहीत. मागाठाण्याची स्वतःची लेणीही आहेत, आज वस्तीनं पार वेढलेली. शेत नेमकं कुठे होतं, ते आता दाखवता येणार नाही. गावाचं नाव तेवढं स्टेशनच्या पाटीवर आहे.