‘घोडीकडचा’ (तळटीप)

* घोडीकडचा : गिटारच्या घोडीलगत बसवलेला पिकअप. शब्द लेखकाने सतारीवरून उचललेला दिसतो. चपखल आहे म्हणून तसाच ठेवला. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की त्यांत वीज उमटते. घोडीपाशी तार जेमतेम हलते. मूळ स्वर क्षीण पडून वरचे स्वरांश पुढे येतात, म्हणून आवाज धारदार, खणखणीत. मानेकडे तीच तार मोकळी झुलते आणि नाद गोल, भरदार होतो. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन पिकअप होते, आणि गंमत म्हणजे मूळ जोडणीत घोडीकडच्याला टोनचे बटणच नव्हते! परभणीच्या उरुसासारख्या गर्दीत ढोलकी आणि कीबोर्डमधून वाट काढायची तर हाच लावावा. संथ गाण्याला मानेकडचा. एकेरी वेटोळ्याची गुणगुण मात्र दोन्हींना चुकत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. जवळ ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबलाइट असली की वेटोळे तीही टिपते. पुढे ज्या भुणभुणीवरून लेखक साउंडवाल्याला फैलावर घेतो, ती बहुधा हीच. – संपा.