लोभाचे चित्र, बंडाचा वेष

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर, चलनाची किंमत ढासळत असलेल्या जर्मनीत फ्रिट्झ लांग यांनी १९२२ साली ‘डॉक्टर माबूझे’ हा दोन भागांचा मूकपट आणला, तेव्हा लोभाला त्यांनी संमोहनविद्या जाणणाऱ्या, वेषांतर करून जुगारगृहांत व शेअरबाजारात वावरणाऱ्या महाधूर्ताचे रूप दिले. १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये भूगर्भात राबणाऱ्या श्रमिकांचे बंडही दाखविले. त्याच दशकात, १९२५ साली, कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ना. ह. आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ निर्माण केला. त्यातला लोभ मला अधिक भयंकर वाटतो, कारण सावकाराला अद्भुत विद्येची गरजच नसते. चोपडी, गहाणखत आणि दिवाणी अदालतीचा हुकूमनामा एवढे त्याला पुरते. जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी तरुण व्ही. शांताराम यांनी उभा केला. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांसमोर पेंटरांनी अंधुक प्रकाशातली झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे ठेवले. चित्रकाराची नजर असल्यावाचून एवढे धैर्य होत नाही.

ही कथा केवळ दख्खनची नव्हती. प्राचीन शिवमंदिरामुळे ख्यात असलेले गोंदियानजीकचे नागरा तेव्हा मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होते. धानाच्या त्या मुलखात रयतेचा सारा मालगुजारामार्फत सरकारजमा होई, आणि मध्यप्रांतात सावकारच कर्जापोटी गावे घेऊन मालगुजार झाल्याची उदाहरणे अनेक होती. घेणेकरी आणि गावचा धनी एकच झाला, म्हणजे कुळाने दाद मागावी कोणाकडे?

दख्खनच्या रयतेने १८७५ साली सुपे येथून या प्रश्नाचे उत्तर दिले: सावकारांची खते हिसकावून जाळली. त्यातून १८७९चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला. पण रुपेरी पडद्यावर बंडाला ऐतिहासिक वेष घ्यावा लागला. १९३० साली प्रभात कंपनीने शिवरायांच्या आरंभीच्या पराक्रमावर मूकपट काढला, त्याचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सेन्सॉरला खपले नाही, आणि तो ‘उदयकाल’ म्हणून प्रकाशित झाला. शिवाजी साकारला तोही शांतारामांनीच. तीनशे वर्षांपूर्वीच्या ‘स्वराज्य’ शब्दाची धास्ती सरकारला वाटावी, यातच त्या मूकपटाचे सामर्थ्य दिसते. पेंटरांना मात्र सावकाराचा विषय सुटला नाही. १९३६ साली त्यांनी तोच ‘सावकारी पाश’ बोलपट करून पुन्हा काढला.