सुट्टे पैसे, एमआरपी आणि मशीनचा धंदा

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न : "दादा, व्हेंडिंग मशीन टाकू का?" रील बघून विचारतात. एक मशीन, दुकान नको, नोकर नको, झोपेत पैसे. माझी चार मशीनं आहेत, दोन कारखान्यांत, एक रुग्णालयात, एक होस्टेलवर. त्यामुळे लोकांना वाटतं मला आत कुठं काय दडलंय ते माहिती. आत चिप्स आणि बिस्किटं दडलेली असतात. पण या धंद्याचा इतिहास मी नाद म्हणून बराच वाचलाय आणि त्यातून एक गोष्ट दिसते, ती इथं मांडतो. हा धंदा मशीनवाला चालवतो असं दिसतं, पण तो चालतो की बुडतो हे बऱ्याचदा सरकारची टांकसाळ ठरवते. आपल्याकडे त्यात भर म्हणून एमआरपी.

सुरुवात लांबून करतो, पटकन उरकतो. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात हेरॉन नावाच्या माणसानं देवळातल्या पाण्यासाठी एक यंत्र लिहून ठेवलंय. नाणं तरफेवर पडायचं, तरफ झुकायची, झडप उघडायची, नाणं घसरून पडलं की पाणी बंद. लोक फुकट जास्त पाणी घेतात ही तक्रार तेव्हापासूनची! पुढं १८२२ मध्ये लंडनला रिचर्ड कार्लाईलनं बंदी घातलेली पुस्तकं विकायला यंत्र लावलं, म्हणजे विकणारा माणूस पकडायला सापडू नये. कोर्टानं त्याच्या नोकराला शिक्षा केलीच. खरा धंदा १८८३ ला सुरू झाला, लंडनच्या स्टेशनांवर पोस्टकार्डं विकणाऱ्या मशीननं. १८८८ ला न्यूयॉर्कच्या रेल्वे फलाटांवर च्युइंगम आलं. मशीन आणि स्टेशन ही जोडी तिथून जमली ती आजपर्यंत.

आता खरी गंमत अमेरिकेत आहे.

कोका-कोला १८८६ पासून पाच सेंटला. दोन महायुद्धं झाली, मंदी येऊन गेली, साखर महागली, किंमत तीच. जवळजवळ सत्तर वर्षं! एक कारण बाटली भरणाऱ्यांशी केलेला जुना करार. पण तो बदलल्यावरसुद्धा किंमत हलेना, कारण तोवर देशभर कोकची मशीनं उभी होती आणि त्यांना पाच सेंटचं एकच नाणं, निकेल, कळत होतं. सहा सेंट करायचे तर दोन नाणी पाहिजेत. थेट दहा केले तर किंमत दुप्पट. मधलं नाणंच नाही. दर नऊ बाटल्यांमागे एक रिकामी ठेवावी असाही विचार झाला, म्हणजे ज्याचं नशीब फुटकं त्यानं आणखी एक निकेल टाकायचं. शेवटी १९५३ मध्ये कंपनीचे वुडरफ यांनी आपले मित्र राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना साकडं घातलं, की साडेसात सेंटचं नाणं काढा. सरकारनं काढलं नाही. पण एवढी मोठी कंपनी एका नाण्यासाठी सरकारच्या दारात गेली, हे ध्यानात घ्या.

ऑटोमॅट नावाची खानावळ होती, १९०२ ला फिलाडेल्फियात सुरू झालेली, १९१२ ला न्यूयॉर्कला आली. भिंतभर काचेची कपाटं, निकेल टाका, दांडी फिरवा, पाय किंवा सँडविच काढून घ्या. काचेच्या खिडकीमागे बायका बसायच्या, त्यांचं काम फक्त नोटा घेऊन निकेल मोजून द्यायचं. 'माणसाविना खानावळ' चालवायला सुट्टे देणारी माणसं लागत होती. कॉफी १९५० पर्यंत पाच सेंट, मग एकदम दहा. कारण तेच, मधलं नाणं नाही. गिऱ्हाईक तुटलं. शेवटची शाखा १९९१ ला बंद झाली. इतर कारणं होती, फास्टफूड वगैरे, पण जुन्या गिऱ्हाइकांच्या मनातून ती कॉफी उतरली ती उतरलीच.

पण अमेरिकन सरकारचं एक काम मला मनापासून आवडतं. १९६५ मध्ये चांदी टंचाईची झाली, क्वार्टर आणि डाइममधली चांदी काढायची ठरली. तोवर मशीनं नाण्याची विद्युत वाहकता तपासून खरं-खोटं ओळखत होती. नुसतं तांबं-निकेल घातलं असतं तर लाखो मशीननी नाणी थुंकून टाकली असती. म्हणून मधे शुद्ध तांब्याचा गाभा, बाहेर तांबं-निकेलचा पत्रा, असं सँडविच नाणं केलं, जे मशीनला चांदीच्या नाण्यासारखंच वाटेल. त्याच वर्षी कायदा झाला. छोट्या मशीनवाल्याला काही कळायच्या आत काम झालेलं, त्याचा एक पैसा खर्च नाही.

जपानचंही तसंच. १९६७ ला शंभर येनच्या नाण्यातली चांदी गेली, तांबं-निकेलची नाणी भरपूर पाडली, आणि त्यानंतर तिथं मशीनचा पूर आला. २००० साली ५६ लाखांच्या घरात मशीनं होती. त्या सुमारास कोरियाचं ५०० वॉनचं नाणं थोडं घासून किंवा भोक पाडून ५०० येन म्हणून टाकायची टूम निघाली. वॉनची किंमत येनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे काय कमाई असेल बघा. सरकारनं २००० मध्ये नाण्याचा धातूच बदलला. २०२४ च्या जुलैत नव्या नोटा आल्या, तर त्यांची घोषणा २०१९ लाच झालेली होती. पाच वर्षं हातात. तरी तिथले छोटे रामेनवाले तिकीट-मशीन बदलायचा खर्च परवडेना म्हणून कुरकुरत होतेच.

आता आपल्याकडे या.

मुंबईच्या स्टेशनांवरचा वजनाचा काटा आठवतोय? रंगीत दिवे, फिरणारी चक्रं, रुपया टाकला की ठक्कन तिकीट, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. लाल डब्याचा रुपयावाला पीसीओ आठवतोय? ही आपली मशीनं. दोघांचं पोट एका नाण्यावर. आणि त्या नाण्याचं आपण काय केलं? १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, वजन ४.८५ ग्रॅम. २०११ च्या मालिकेत दोन रुपयांचं नाणं आलं, तेही २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम, स्टीलचंच. आणि नवा रुपया? तो जुन्या पन्नास पैशाच्या मापाचा, जवळपास २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. म्हणजे मशीनच्या दृष्टीनं दोन रुपये हा जुना रुपया आणि नवा रुपया हे आठ आणे. भाजीवालीसुद्धा डोळ्याजवळ धरून बघते, तर मशीन बिचारं काय करणार. यात कुणाचं षडयंत्र नव्हतं. फक्त नाणं ठरवताना मशीन वापरणारा माणूस टेबलावर कुणाच्या डोक्यातच नव्हता.

त्यात दहा रुपयांची नाणी. चौदा प्रकारच्या नक्षीची, सगळी खरी, हे २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला जाहीर करून सांगावं लागलं. तरी कित्येक गावात आजही दुकानदार घेत नाहीत. माझ्या कारखान्यातल्या मशीनला पहिली दोन वर्षं नाण्याची खाच होती. दर आठवड्याला पिशवी भरून दहाची नाणी निघायची, आणि बँकेतला माणूस (नाव घेत नाही) ती मोजायला लागू नयेत म्हणून जेवायची वेळ सांगायचा.

नाण्याचा प्रश्न या देशात एकदा नीट सोडवला गेला होता, आणि तो दुधानं सोडवला. १९७४ ला दिल्लीत मदर डेअरी सुरू झाली. बूथवर टाकी, खिडकीत टोकन घ्यायचं, मशीनमध्ये टाकायचं, आपल्या भांड्यात दूध. दुधाचा दर वाढला तर टोकनचा दर बदलायचा, मशीन तेच. कोकला सत्तर वर्षांत जमलं नाही ते इथं पितळेच्या चकतीनं जमवलं. आणि बूथवर माणूस ठेवला, त्याला कमिशन. लोकलच्या तिकिटाच्या एटीव्हीएमपाशीही शेवटी मदतनीस बसवावा लागलाच. 'नोकर नको' म्हणणाऱ्या रीलवाल्यांनी एकदा तिथं जाऊन उभं राहावं.

मग २०१६ ला यूपीआय आलं आणि खाच बुजली. खरं सांगतो, यूपीआय नसतं तर मी हा धंदा दोन वर्षांत गुंडाळला असता. नाणं नाही, पिशवी नाही. रुग्णालयाच्या तळघरात रेंज जाते आणि पैसे कटून पाकीट अडकतं, तेव्हा नातेवाईक मशीनला लाथ घालतात. तो खर्च वेगळा.

पण किंमत? नाण्यामुळे अडकलेली कोकची किंमत आपल्याकडे कायद्यानं अडकलेली आहे. पाकिटावर छापलेल्या एमआरपीच्या वर एक पैसा घेता येत नाही. ग्राहक म्हणून मला हा नियम आवडतो, तो राहावा. पण २० रुपयांच्या पाकिटावर मला दोन-अडीच रुपये सुटतात, जेवढे बाहेरच्या टपरीला सुटतात. त्यातून जागेचं भाडं, चोवीस तास चालणाऱ्या फ्रीजचं बिल, माल भरणाऱ्या पोराचं पेट्रोल, तारीख उलटलेला माल. जपानात डोंगरावरचं मशीन चार पैसे जास्त घेतं, म्हणून ते डोंगरावर असतं. आपल्याकडे मशीन तिथंच परवडतं जिथं शेजारी दुकान आहेच. रात्री अडीचला, जिथं सगळं बंद आहे आणि पेशंटच्या माणसाला पाणी हवंय, तिथं ते परवडत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हॉटेलात बाटलीबंद पाण्याला एमआरपीपेक्षा जास्त घेता येतील, कारण तिथं नुसती विक्री नाही, सेवा आहे. एसी, खुर्ची, वाढपी. बरोबर आहे. मग रात्री अडीचला रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गार पाणी देणारं मशीन ही सेवा की किराणा दुकान? रुपया-दोन रुपये सेवाशुल्क, मशीनवर मोठ्या अक्षरात लिहून, वरची मर्यादा सरकारनं ठरवून, एवढं मागतोय. नाही म्हणायचं तर तेही स्पष्ट म्हणा, म्हणजे जे पोरगं कर्ज काढून मशीन घ्यायला निघालंय त्याला आधीच कळेल.

आणि हो, २०२३ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं बारा शहरांत एक प्रयोग जाहीर केला : क्यूआर स्कॅन करा आणि नाणी घ्या. व्हेंडिंग मशीनच, फक्त आत चिप्सऐवजी सुट्टे पैसे. माल भरायला पाहिजे असेल तर माझ्याकडे दहाच्या नाण्यांची एक पिशवी अजून पडून आहे.