आधुनिक शोकांतिकेतील पिता

शोकांतिकेचा नायक कोण असावा, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ ठरून गेलेले होते. तो राजा असावा, सेनापती असावा, निदान मोठ्या कुळातला तरी असावा. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘काव्यशास्त्रा’त सांगितले की, हा पुरुष सर्वस्वी सद्गुणी नको आणि सर्वस्वी दुष्टही नको, कीर्ती आणि वैभव भोगणारा हा मनुष्य स्वतःच्याच एखाद्या प्रमादामुळे कोसळावा. उदाहरणादाखल त्याने ईडिपसचे नाव घेतले. परंतु त्याच ग्रंथात थोडे पुढे तो असेही म्हणतो की, शत्रूने शत्रूला मारल्याने करुणा उपजत नाही. ती उपजते ती आप्ताने आप्ताचा घात केला म्हणजे. हे दुसरे विधान लक्षात घेतले तर राजवाडा हा केवळ दर्शनी भाग ठरतो. शोकांतिका पहिल्यापासून माजघरातच घडत आली आहे. सिंहासन नाहीसे झाल्यावर नायक म्हणून घरचा कर्ता पुरुष, म्हणजे बाप, उरावा यात म्हणूनच नवल नाही.

युरोपच्या रंगभूमीवर हे स्थित्यंतर अठराव्या शतकात सुरू झाले. दिदरोने १७५८ मध्ये ‘कुटुंबप्रमुख’ याच अर्थाच्या नावाचे नाटक प्रसिद्ध केले, पण त्यात शोकापेक्षा अश्रू अधिक आहेत. लेसिंगच्या १७७२ मधील ‘एमिलिया गालोत्ती’त एका लंपट राजपुत्राच्या हाती पडण्यापेक्षा मेलेली बरी म्हणून बाप आपल्या मुलीच्या छातीत कट्यार खुपसतो. येथे दोष राजाचा आहे, बापाचा नव्हे. बापाचाच दोष मध्यभागी आणण्याचे धैर्य दाखवले ते फ्रीड्रिख हेबेलने. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘मारिया माग्दालेना’मधील आंटोन हा साधा सुतार आहे, कष्टाळू, सचोटीचा आणि अब्रूच्या बाबतीत विलक्षण कठोर. तू मला काळिमा लावलास तर मी गळा कापून घेईन, असे तो मुलीला बजावतो. मुलगी अविवाहित असताना गरोदर राहिलेली आहे. बापाला जीव द्यावा लागू नये म्हणून ती स्वतः विहिरीत उडी घेते. पडदा पडतो तेव्हा आंटोन एवढेच म्हणू शकतो की, हे जग आता आपल्याला समजेनासे झाले आहे.

ईडिपसला अखेर सारे समजले होते. आंटोनला काहीच समजत नाही. ॲरिस्टॉटलने ज्याला अभिज्ञान म्हटले, म्हणजे अज्ञानातून ज्ञानात येण्याचा तो क्षण, तो नायकाच्या हातून येथे निसटलेला आहे. ‘अभिज्ञान’ हा शब्द मराठी रसिकाला कालिदासामुळे परिचित आहे. तेथे मारीचाच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याशी खेळणाऱ्या बालकाला पाहून दुष्यंत आपला पुत्र ओळखतो आणि विस्कटलेले घर पुन्हा जुळते. आधुनिक शोकांतिकेत याच्या नेमके उलट होते. तेथे बाप मुलाला ओळखत नाही; मूल बापाला ओळखते, आणि त्या ओळखीने घर मोडते.

इब्सेनच्या ‘रानबदका’त (१८८४) हे अर्ध्या वाटेपर्यंत आलेले दिसते. दोन भागीदारांनी मिळून केलेल्या व्यवहारात एक तुरुंगात जातो, दुसरा निर्दोष सुटून श्रीमंत होतो, आणि त्या जुन्या पापाची किंमत हेडविग नावाची चौदा वर्षांची मुलगी स्वतःवर गोळी झाडून चुकती करते. तिला मुलगी मानण्यास नकार देणारा यालमार मात्र शोकनायकाच्या उंचीला पोहोचत नाही. नऊ महिन्यांच्या आत तो मुलीच्या मृत्यूवर भावपूर्ण भाषणे करू लागेल, असे भाकीत इब्सेनने डॉक्टरच्या तोंडी घातले आहे. एमिलिया, क्लारा, हेडविग : या तिन्ही नाटकांत मुलीच मरतात. बापाला जाब विचारणारे कोणी उरत नाही.

जाब विचारणारा मुलगा आणला तो अमेरिकन नाटककार आर्थर मिलरने. मिलरचा जन्म १९१५ चा. त्याच्या वडिलांचा स्त्रियांचे कोट तयार करण्याचा मोठा धंदा होता. १९२९ च्या कोसळीत तो बुडाला. सधन घरातला कर्ता पुरुष मुलाच्या डोळ्यांदेखत लहान होत गेला. १९४७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘ऑल माय सन्स’ची कल्पना मात्र त्याला मिळाली ती ऐकीव हकिकतीतून. बापाने युद्धकाळात सैन्याला सदोष यंत्रसामग्री पुरविली आणि मुलीनेच त्याला सरकारच्या हवाली केले, अशी ती हकिकत. मिलरने मुलीच्या जागी मुलगा घातला. प्रत्यक्षात जी मुलगी बोलली ती नाटकात बोलली नाही, ही गोष्ट वरील तीन मुलींच्या मालिकेत ठेवून पाहिली तर थोडी खटकते.

या नाटकातील जो केलर विमानाच्या इंजिनांचे तडे गेलेले भाग डागडुजी करून पाठवून देण्यास भागीदाराला टेलिफोनवरून सांगतो आणि स्वतः आजारपणाच्या निमित्ताने घरी राहतो. एकवीस वैमानिक मरतात. भागीदार तुरुंगात जातो, केलर सुटतो. इब्सेनचे ऋण येथे उघड आहे. पण केलर हा लबाड भांडवलदार म्हणून रंगविलेला नाही. शेजारच्या पोरांशी खेळणारा, बायकोला सांभाळणारा असा तो प्रेमळ गृहस्थ आहे, आणि त्याचा बचाव प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू येणारा आहे : हे सारे मी मुलांसाठीच केले. नाटकाचे सामर्थ्य असे की, हा बचाव खोटा नाही. त्याने खरोखरच मुलांसाठी केले. दोष त्या प्रेमात नसून प्रेमाची हद्द कुंपणापाशी संपण्यात आहे. युद्धात बेपत्ता झालेला धाकटा मुलगा लॅरी याचे पत्र शेवटी वाचले जाते. बापाचे कृत्य कळल्यामुळे लाजेने तो विमान घेऊन मरणाकडे निघाला होता. तेव्हा केलरला उमगते की, ते एकवीसजणही आपलेच मुलगे होते. कोट घालून येतो म्हणून तो आत जातो आणि गोळीचा आवाज येतो. केलरला अभिज्ञान होते, पण ते मृत मुलाने लिहून पाठविलेले असते.

दोनच वर्षांनी, १० फेब्रुवारी १९४९ रोजी, ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चा पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला. सतरा दिवसांनी मिलरने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक छोटा निबंध लिहून सामान्य माणूसही राजाइतकाच शोकांतिकेस पात्र असल्याचे प्रतिपादन केले. आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी प्राण देण्यास सिद्ध असणे, एवढी एकच कसोटी त्याने मान्य केली. आधुनिक काळात शोकांतिका संभवतच नाही, असे जोसेफ वुड क्रच याने १९२९ मध्येच म्हणून ठेवले होते; जॉर्ज स्टायनरने १९६१ मध्ये तिचा मृत्युलेखच लिहिला. मिलरचे उत्तर निबंधात आहे त्याहून नाटकात अधिक पटते.

त्रेसष्ट वर्षांचा विली लोमन हा फिरता विक्रेता आहे. बॉस्टनच्या हॉटेलात परक्या स्त्रीसोबत मुलाने, बिफने, त्याला पाहिले, त्या दिवसापासून बाप मुलाच्या डोळ्यांतून उतरला आहे. पण मुलाचा मोठा अपराध त्याहून वेगळाच घडलेला आहे. तू असामान्य आहेस, लोकांना आवडलास की जगात सारे मिळते, असे विलीने त्याच्या कानीकपाळी घोकले आणि सामान्य आयुष्य जगण्याची लाज त्याला शिकविली. अखेरच्या रात्री बिफ आपण सामान्य आहोत हे मान्य कर म्हणून विनवतो, आणि बापाच्या गळ्यात पडून रडतो. विलीला त्यातून एकच कळते : मुलाचे आपल्यावर प्रेम आहे. आणि तो लगेच निष्कर्ष काढतो की, असा मुलगा विम्याचे २०,००० डॉलर हाती आल्यावर थोर होणार! तो मोटार घेऊन मरणाला सामोरा जातो. प्रेम ओळखले, प्रेम करणारा ओळखला नाही. आधुनिक रंगभूमीवर याहून दारुण गैरसमज क्वचितच असेल. त्याच्या थडग्यापाशी बिफ म्हणतो की, आपण कोण आहोत हे वडिलांना कधी कळलेच नाही. १९८३ मध्ये मिलरने स्वतः बीजिंगमध्ये चिनी नटांकडून हे नाटक बसविले, तेव्हा तेथील प्रेक्षकांनाही हा बाप परका वाटला नाही.

मराठीत दोषी नायक म्हटला की गडकऱ्यांचा सुधाकर आठवतो. पण ‘एकच प्याला’त (१९१९) तो उभा आहे तो पती म्हणून. पिता मध्यभागी आला तो वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये, १९७० साली. या नाटकाला १९७४ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. लिअरची छाया त्यावर आहे हे सर्वमान्यच आहे. रंगभूमीवरून निवृत्त होताना गणपतराव बेलवलकर हातचे काही राखून न ठेवता सारे मुलगा-मुलीत वाटून टाकतात. हे औदार्य खरे. पण त्यात नटाचा अभिनिवेशही आहे. घर हे त्यांना रंगमंचच वाटते आणि मुले ही सदैव टाळ्या वाजविणारी प्रेक्षक. मुलाच्या घरी अवहेलना, मुलीच्या घरी चोरीचा आळ, मग पत्नी कावेरीचे जाणे आणि शेवटी रस्ता. बुटाला पॉलिश करणारा एक पोर त्यांना आसरा देतो. डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला हा वृद्ध मराठी प्रेक्षक विसरू शकला नाही. तरीही मिलरशेजारी ठेवल्यास एक उणीव जाणवते : बापाला भाषा भरभरून मिळाली आहे, मुलांना मात्र स्वतःची बाजू मांडण्यापुरतीही मिळालेली नाही. म्हणून तेथे प्रेक्षक बापाबरोबर रडतो, बापाचा न्याय करीत नाही.

रडणे आणि न्याय या दोहोंना जागा देणारे नाटक पुन्हा अमेरिकेत लिहिले गेले, पण तेथील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. ऑगस्ट विल्सनच्या ‘फेन्सेस’ला १९८७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. पिट्सबर्गमधील ट्रॉय मॅक्सन कचरा वाहून नेण्याचे काम करतो. तरुणपणी तो बेसबॉलचा उत्कृष्ट खेळाडू होता. गोऱ्यांच्या संघांची दारे उघडली तेव्हा त्याचे वय उलटून गेले होते. त्यामुळे फुटबॉलच्या बळावर महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या मुलाची, कोरीची, वाट तोच अडवितो. जगाने आपल्याला फसविले तसे मुलाला फसवू नये ही काळजी कोठे संपते आणि मत्सर कोठे सुरू होतो, हे विल्सनने सांगितलेले नाही. ट्रॉयलाही ते ठाऊक नाही. शेवटचा प्रवेश ट्रॉयच्या अंत्यविधीच्या सकाळचा, १९६५ मधला आहे. सैन्यातून आलेला कोरी अंत्यविधीला जाणार नाही म्हणून हटून बसतो. अंगणात ट्रॉयची लहान मुलगी, कोरीची सावत्र बहीण, एका म्हाताऱ्या कुत्र्याचे गाणे म्हणू लागते. ट्रॉय ते नेहमी म्हणे. त्याच्या बापाने ते रचले होते, ज्या बापाच्या मारामुळे तो चौदाव्या वर्षी घर सोडून पळाला तोच हा बाप. कोरी थोडा वेळ ऐकतो, आणि मग बहिणीच्या सुरात सूर मिळवून ते गाणे पुढे म्हणू लागतो.